नोव्हेंबर २०१२ चा जन्म आणि १७ वर्षांखालील विश्वचषक

आपला मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याचा जन्म नोव्हेंबर २०१२ चा आहे आणि तो सोलापुरातल्या आपल्या शाळेच्या संघातून डाव्या बाजूने खेळतो. एका संयोजकाने ‘आंतरराष्ट्रीय युवा फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धे’साठी त्याची निवड झाल्याचे पत्र दिले असून शेजारच्या देशात होणाऱ्या त्या स्पर्धेसाठी ४०,००० रुपये मागितले आहेत. ही स्पर्धा आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा यांचा काही संबंध आहे का, नसल्यास त्या खऱ्या स्पर्धेपर्यंत सोलापूरच्या मुलाला कोणत्या वाटेने जाता येते, आणि एका हितचिंतकाने सुचवल्याप्रमाणे शाळेच्या दप्तरात जन्मतारीख १ जून २०१३ करून घेतली तर फायदा होईल का, असे आपण विचारले आहे. मी या शहरात सव्वीस वर्षे मुलांना फुटबॉल शिकवतो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. पैशांचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. तारखेचा प्रश्न आपण शेवटी आणि जरा संकोचानेच विचारला आहे, पण माझ्या मते बाकीची सगळी उत्तरे त्यातूनच निघतात.

देशाच्या संघात निवडलेल्या मुलाकडून राष्ट्रीय फेडरेशन प्रवेशशुल्क घेत नाही. ज्या पत्रात निवड आणि रक्कम एकत्र लिहिलेली असते, ते पत्र निवडीचे नसून सहलीचे असते. भारतात फिफाशी संलग्न अशी एकच संस्था आहे, ती म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. महाराष्ट्रात त्याच्या खाली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्या खाली जिल्हा संघटना, अशी ही उतरंड आहे. निळा शर्ट, छातीवर तिरंगा आणि पाठीवर ‘इंडिया’ एवढे कोणीही शिवून देऊ शकतो, आपल्या गावात तर शिवणाऱ्यांची वानवा नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याच ओळखीच्या तीन घरांतून अशा दौऱ्यांसाठी पैसे गेले. एका घरात आईने पाटल्या मोडल्या. मुले चार दिवसांनी हार घालून परत आली, स्थानकावर हलगी वाजली, आणि पुढे दहावीच्या क्रीडागुणांसाठी ते प्रमाणपत्र दाखवले तेव्हा मान्यताप्राप्त स्पर्धांच्या यादीत ते बसत नाही असे कळले.

परदेशातली प्रत्येक सशुल्क स्पर्धा फसवणुकीचीच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९७५ पासून दर उन्हाळ्यात गोथिया कप भरतो. तिथे जगभरातले क्लब आणि अकादम्या शुल्क भरून उतरतात, भारतातलेही संघ जातात आणि जिंकूनही येतात. ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे, उत्तम आहे, पण तिथे क्लब खेळतो, देश खेळत नाही. म्हणून संयोजकाला एवढेच विचारावे की या स्पर्धेला दोन्ही देशांच्या फेडरेशनची लेखी मान्यता आहे का आणि आपला संघ कोणाच्या नावाने नोंदला आहे. या दोन प्रश्नांची कागदावर उत्तरे मिळत नसतील तर पैसे देऊ नयेत.

आता खऱ्या स्पर्धेविषयी. तिची सुरुवात १९८५ साली चीनमध्ये झाली. तेव्हा वयोमर्यादा १६ वर्षांची होती आणि पहिले विजेतेपद नायजेरियाने मिळवले. १९९१ च्या इटलीतल्या स्पर्धेपासून मर्यादा १७ वर्षे झाली. दर दोन वर्षांनी होणारी ही स्पर्धा २०२५ पासून दरवर्षी होऊ लागली आहे आणि संघांची संख्या २४ वरून ४८ वर गेली आहे. २०२५ ते २०२९ अशा पाच स्पर्धा एकट्या कतारला देण्यात आल्या आहेत. त्यातली पहिली नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि अंतिम सामन्यात पोर्तुगालने ऑस्ट्रियाचा १–० असा पराभव केला. या वाढीव ४८ जागांमुळे आशियाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा दुप्पट जागा आल्या. आधी आशियाई स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारे चार संघ जात असत. २०२५ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणारे आठ संघ आणि यजमान कतार असे नऊ संघ खेळले. या फरकाचे मोल किती, हे २०१८ साली मलेशियात झालेल्या १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेवरून कळते. आपला संघ तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता आणि दक्षिण कोरियाकडून ०–१ असा हरला. आजचा नियम तेव्हा असता तर ती मुले विश्वचषकात खेळली असती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणचा २–१ असा पराभव करून भारत पुन्हा आशियाई स्पर्धेला पात्र ठरला, तेव्हा मला म्हणूनच विशेष आनंद झाला.

या सगळ्यात आपल्या मुलाचे वर्ष कोणते, हे आधी पाहू. १७ वर्षांखालील म्हणजे स्पर्धेच्या दिवशी सतरा पूर्ण झालेली नसावीत, असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. फिफा कॅलेंडर वर्ष धरते. भारतात झालेल्या २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेली मुले पात्र होती, २०२५ साठी १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतरची. याच हिशेबाने २०१२ साली जन्मलेल्यांची स्पर्धा २०२९ ची. म्हणजे आपला मुलगा ज्या वर्गात मोडतो, त्या वर्गाची सुरुवात १ जानेवारी २०१२ ला होते आणि शेवट ३१ डिसेंबरला. तो त्या वर्गाच्या शेपटाशी आहे. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा असूनही कागदावर त्याचा समवयस्क ठरतो.

तेरा-चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे फार मोठे अंतर असते. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण याच सुमारास. एखाद्याची उडी बाराव्या वर्षी येते, एखाद्याची पंधराव्या. निवड चाचणीत वीस मिनिटांत पन्नास मुले पाहणाऱ्या माणसाचे लक्ष ज्याला मिशी फुटली आहे, जो धक्का मारून चेंडू घेतो, अशा मुलाकडेच जाते. त्यात पाहणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मीही अशा चुका केल्या आहेत. जगभरच्या १७ वर्षांखालील संघांच्या याद्या काढून पाहिल्या तर जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळतात, आणि या विषयावर झालेल्या अभ्यासांचा निष्कर्षही तोच आहे. आपल्या हितचिंतकाला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण त्याला रोग बरोबर कळला आहे: तारीख २०१३ ची झाली की हा मुलगा कागदावर एक वर्षाने लहान मुलांच्या वर्गात जाऊन तिथला थोरला ठरेल. औषध मात्र त्याने विषारी सांगितले आहे.

१ जून ही तारीख आपल्याकडे काही नवीन नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख आईबापांना आठवत नसली की गुरुजी १ जून लिहीत, आणि त्यामुळे माझ्या पिढीतला निम्मा सोलापूर जिल्हा एकाच दिवशी जन्माला आला आहे. त्यात लबाडी नव्हती, अज्ञान होते. आता महापालिकेच्या जन्मनोंदणीत तारीख, वेळ, दवाखाना सगळे असताना शाळेच्या दप्तरात वेगळी तारीख लावणे ही सरळ खोटी कागदपत्रे करण्याची गोष्ट आहे, आणि फुटबॉलपुरते बोलायचे तर ती टिकतही नाही. फिफाने २००९ च्या स्पर्धेपासून मुलांच्या मनगटाचा एमआरआय सुरू केला. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला वाढीची एक चकती असते. वय वाढत जाते तशी ती हाडात मिसळून जाते. ती पूर्ण मिसळलेली दिसली तर मुलगा सतराच्या पुढचा असल्याची खात्री ९९ टक्के धरली जाते आणि कागद काहीही म्हणत असला तरी त्याला खेळता येत नाही. भारतातही वयोगटाच्या स्पर्धांमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून वय पडताळले जाते.

एमआरआयने देशच्या देश कसे अडकतात, याचे उदाहरण नायजेरियाचे आहे. ही स्पर्धा सर्वाधिक, म्हणजे पाच वेळा जिंकलेला तो देश. २०१३ आणि २०१५ अशी सलग दोन विजेतेपदे त्याच्याकडे होती. २०१६ साली पात्रता सामन्यांच्या आधी तपासणी झाली आणि त्यांची २६ मुले एकदम बाद झाली. उरलेल्यांचा संघ नायजर या शेजारी देशाकडून हरला. त्यामुळे २०१७ साली भारतात गतविजेता आलाच नाही आणि कोचीच्या मैदानावर ब्राझील व स्पेन यांच्या गटात नायजर खेळला. याच नायजेरियाचा मोठ्यांचा संघ विश्वचषकात बाद फेरीच्या पहिल्या सामन्यापुढे आजवर गेलेला नाही. त्याची कारणे अनेक आहेत, सगळे खापर वयावर फोडणे अन्यायाचे होईल. पण सोळाव्या वर्षी जिंकणे आणि पंचविसाव्या वर्षी खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी त्यावरून दिसते.

खोट्या तारखेचे खरे नुकसान मनगटाच्या तपासणीच्या कितीतरी आधी सुरू होते. मी नाव न घेता एका मुलाविषयी सांगतो. रेल्वे कॉलनीकडचा होता, शाळेच्या कागदावर तेरा आणि प्रत्यक्षात पंधरा. दोन वर्षे त्याने जिल्ह्यात कोणाला उभे राहू दिले नाही. चेंडू पुढे मारायचा आणि त्याच्या मागे धावायचे, एवढ्यावर तो सामन्यात चार-चार गोल करी. त्यामुळे पाठीमागे खेळाडू असताना चेंडू कसा घ्यायचा, डाव्या पायाने पास कसा द्यायचा, कोंडीत सापडल्यावर कसे वळायचे, हे शिकण्याची गरजच त्याला पडली नाही. कागदावर सतरा झाले तेव्हा बाकीची मुले त्याच्या उंचीला आली होती आणि त्याच्याकडे दुसरे काहीच नव्हते. तो आता खेळत नाही. त्याच संघात डिसेंबरमध्ये जन्मलेला, पंक्तीत शेवटी उभा राहणारा एक पोरगा होता. धक्का लागला की पडायचा, म्हणून धक्का लागायच्या आधीच चेंडू सोडून द्यायला शिकला. अठराव्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघाचा कर्णधार झाला आणि आज खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीत आहे. मी त्या मुलाला चौदाव्या वर्षी संघाबाहेर ठेवले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मोठ्या जगातही हेच दिसते. २००३ साली फिनलंडमधल्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा आणि सर्वाधिक गोलांचा, असे दोन्ही पुरस्कार स्पेनच्या सेस्क फाब्रेगासने घेतले. त्याचा बार्सिलोनाच्या कुमार संघातला बरोबरीचा साथीदार, त्याच १९८७ साली जन्मलेला, लहान चणीचा आणि वाढीसाठी औषधोपचार घ्यावे लागलेला एक मुलगा त्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या संघात नव्हता. तो लिओनेल मेस्सी. १७ वर्षांखालील विश्वचषक तो कधीच खेळला नाही. दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये २० वर्षांखालील स्पर्धेत मात्र तेच दोन्ही पुरस्कार त्याने घेतले. उलट २००९ च्या ब्राझीलच्या संघात नेमार, कुटिन्हो, कॅसेमिरो आणि गोलरक्षक ॲलिसन असे सगळे होते, तरी तो संघ गटातूनच बाद झाला आणि कपावर नाव कोरले ते स्वित्झर्लंडने. फाब्रेगास स्वतः पुढे विश्वविजेता झाला, तेव्हा या स्पर्धेतले यश म्हणजे अपशकुन असेही कोणी समजू नये. सोळाव्या वर्षी कोण तयार आहे, एवढेच ही स्पर्धा पाहते. पुढे कोण मोठा होईल, ते ती सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

ती स्पर्धा मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुलाला काय शिकवायचे हे मला तिथे कळले. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारत यजमान होता. दिल्ली, कोलकाता, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि नवी मुंबई अशी सहा ठिकाणे होती. आम्ही चौदा मुले आणि दोन शिक्षक सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालो, ठाण्याला उतरून लोकलने नेरुळला गेलो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. ती स्टेडियमच्या दारावर काढून घेतली गेली याचे दुःख मुलांना बराच काळ होते. ६ ऑक्टोबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन सामने झाले. पहिला न्यूझीलंड आणि तुर्कस्तान यांचा, तो १–१ असा सुटला. दुसऱ्यात पॅराग्वेने मालीला ३–२ असे हरवले. मालीच्या मुलांची धाव पाहून आमची मुले अवाक झाली, मी पण झालो. पण पहिल्या सामन्याच्या अर्ध्या तासातच माझ्या शेजारी बसलेला आमचा मधल्या फळीतला एक मुलगा म्हणाला, “ओ सर, ही पोरं चेंडू यायच्या आधीच मागं बघायलेत की!”

मी वीस वर्षांच्या जवळपास शिकवत होतो आणि ते मला त्याने दाखवले. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मधल्या फळीतला प्रत्येक मुलगा दोनदा, तीनदा मान वळवून मागे कोण आहे ते पाहत होता. त्यामुळे चेंडूचा पहिला स्पर्शच त्याला हव्या त्या दिशेला जाई. आमची मुले चेंडू थांबवून मग वर पाहत. दिसायला एका सेकंदाचा फरक, पण त्या सेकंदात समोरचा अंगावर येतो. परत येताना गाडीत मी ठरवले आणि त्या दिवसापासून आमच्या सरावात चेंडू येताना मागे उभा असलेला शिक्षक बोटे दाखवतो आणि खेळाडूने ती किती ते मोठ्याने सांगायचे असते. यासाठी हिरवळ लागत नाही, परदेश तर लागतच नाही.

तीनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, भारत दिल्लीत कोलंबियाशी खेळला. पहिला सामना आपण अमेरिकेकडून ०–३ असा हरलो होतो. या सामन्यात ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून मणिपूरच्या जॅक्सन सिंगने हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल झाला. मुले माझ्या घरच्या टीव्हीसमोर नाचत होती आणि ती नाचत असतानाच पुढच्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. सामना १–२ असा गेला, त्यानंतर घानाकडून ०–४. जॅक्सन त्या संघाच्या तयारीत सुरुवातीपासून नव्हता, उशिरा आत आला. पुढे तो मोठ्यांच्या भारतीय संघातही खेळला. २०१७ च्या त्या कुमार संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीवर होता, हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने ०–२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५–२ असे हरवले. इंग्लंडच्या त्या संघातला फिल फोडेन आज कोणाला सांगावा लागत नाही.

आता सोलापूरकडे येतो. कोल्हापूरचा मुलगा त्या संघात पोहोचतो आणि सोलापूरचा नाही, याचे कारण रक्तात किंवा पाण्यात शोधू नये. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाळ अशी पेठांची तालीम मंडळे आहेत, शाहू स्टेडियम आहे आणि हंगामभर चालणारे सामने आहेत. चौकातली म्हातारी माणसेसुद्धा ऑफसाईडवर भांडतात. मूल तिथे सामने पाहत आणि खेळत मोठे होते. आपल्याकडे गुणवत्ता कमी नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा सगळ्या घरांतली चपळ मुले मी पाहिली आहेत, चाळीतल्या अरुंद बोळात खेळून त्यांचे पाय मोठे हुशार झालेले असतात. आपल्याकडे सामने कमी आहेत. होम मैदान जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाते आणि त्यानंतर खड्डे, खिळे वेचण्यात महिना जातो. पार्क स्टेडियम नूतनीकरणानंतर प्रामुख्याने क्रिकेटचे झाले आहे. उरलेली मैदाने काळ्या मातीची, पावसात चिखल आणि एप्रिलमध्ये सिमेंट. मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत जातो तेव्हा सकाळी साडेसातनंतर मुलांना धावायला लावणे हा गुन्हा ठरावा. सप्टेंबर २०१७ मध्ये विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले, दहा लाख मुलांना एका दिवशी खेळवण्याचा तो उपक्रम होता. हेतू चांगला होता. त्यातला एक चेंडू मी पुढे तीन वर्षांनी एका शाळेच्या कपाटात, हवा गेलेला, पण शिक्का शाबूत असलेला पाहिला.

अधिकृत वाट अशी आहे. शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या आंतरशालेय स्पर्धा असतात. त्यातच सुब्रतो चषक येतो, जो १९६० पासून हवाई दलाच्या पुढाकाराने होतो आणि ज्याची अंतिम स्पर्धा दिल्लीच्या परिसरात होत आली आहे. जिल्ह्यातून जिंकलेला संघ पुणे विभागात जातो, तिथून राज्यात. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटनेकडे खेळाडूची नोंदणी, महासंघाच्या संगणकीय प्रणालीत त्याचा क्रमांक, मग जिल्ह्याचा संघ, राज्याची निवड चाचणी आणि राष्ट्रीय उपकनिष्ठ व कनिष्ठ स्पर्धा. तिसरी वाट अकादम्यांची: पुण्यात बालेवाडीच्या क्रीडापीठात राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, नवी मुंबईत शिष्यवृत्तीवर मुले घेणारी निवासी अकादमी आहे, भुवनेश्वरला २०२३ मध्ये महासंघ आणि फिफा यांची संयुक्त अकादमी सुरू झाली, आणि मोठ्या क्लबांचे कुमार संघ महासंघाच्या युवा लीगमध्ये खेळतात. राष्ट्रीय संघासाठी मुले शोधणारी माणसे मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर उभी असतात.

पहिल्या वाटेतली अडचण आपल्याला शाळेच्या वेळापत्रकावरूनच कळली असेल. आंतरशालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते, ऐन पावसात होते, आणि पहिल्याच दिवशी हरलेल्या शाळेचा हंगाम चाळीस-पन्नास मिनिटांत संपतो. दहा महिने सराव आणि एक सामना, हे गणित कुठल्याही खेळात चालणार नाही. युरोपात आपल्या मुलाच्या वयाचा पोरगा वर्षभर जवळजवळ प्रत्येक आठवड्याला एक सामना खेळतो. २०२९ मध्ये कतारला जी मुले उतरतील, त्यांच्या आणि आपल्या मुलाच्या मध्ये आज जे अंतर आहे, ते बहुतांश या न खेळलेल्या सामन्यांचे आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. तारखेला हात लावू नका. महापालिकेतून मूळ जन्मदाखल्याची प्रत काढा, शाळेच्या दप्तरात, आधार कार्डावर आणि पासपोर्टवर तीच तारीख असल्याची खात्री करा, कारण पुढे कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर खरे बोलणाऱ्या मुलालाही खुलासे देत बसावे लागते. जिल्हा संघटनेकडे त्याची नोंदणी करून घ्या. त्याची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून मोजा. ज्या काळात ती झपाट्याने वाढेल त्या काळात मुले अडखळतात, गुडघ्याखाली आणि टाचेला दुखते, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात की याचा खेळ गेला. तेव्हा उड्या आणि लांब धावा कमी करून चेंडूवरचे काम वाढवायचे असते. प्रबोधिनी किंवा अकादमीच्या चाचणीला न्यायचे असेल तर एकदा नाकारल्यावर थांबू नका. नोव्हेंबरच्या मुलाला दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही नेले पाहिजे.

आणि ते ४०,००० रुपये. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून पुण्यात सामना खेळून रात्री परत येता येते. आपल्यासारखे आणखी बारा पालक मिळाले तर महिन्यातून दोन रविवार पुण्याच्या एखाद्या अकादमीशी सरावसामना ठरवता येतो. तिकडचे प्रशिक्षक बहुधा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही प्रतिस्पर्धी हवेच असतात. माझ्या हिशेबाने दोन वर्षांचे भाडे, जोडे आणि डबा धरूनही त्या रकमेतले काही उरेल. सुरुवातीचे चार-पाच सामने ही मुले सपाटून हरतील, याची तयारी ठेवा. मुलाला एक शंभर पानी वही घेऊन द्या. तीत सराव लिहायचा नाही, फक्त सामन्याची तारीख, समोरचा संघ, आपण किती मिनिटे खेळलो आणि कोणत्या जागी, एवढे लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीत ती वही आणि जन्मदाखल्याची प्रत घेऊन त्याला माझ्याकडे आणा. मिनिटांची बेरीज हजाराच्या पुढे गेलेली असेल तर पुढचे बोलू.